जुनं फर्निचर घरीच रंगवताना: नागपूरच्या हवेत काय आधी, काय नंतर

जुनं टेबल किंवा लोखंडी कपाट घरच्यांनी मिळून रंगवायचं ठरतं. शनिवारी डबा येतो, रविवारी दुपारपर्यंत काम उरकतं, आणि दोन महिन्यांत जिथे रोज हात लागतो तिथून पापुद्रे निघायला लागतात. मग शिव्या रंगाच्या कंपनीला. खरं तर बहुतेक वेळा रंग चांगलाच असतो. न धुता घासलेलं असतं, न घासता प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा हात) फासलेला असतो आणि तो वाळायच्या आत वर रंग चढवलेला असतो. एका टेबलाच्या कामात ब्रश हातात असतो तो सगळ्यात कमी वेळ. बाकी सगळं धुणं, सांधणं, घासणं आणि वाट पाहणं.

खालचा क्रम लाकडी टेबल, खुर्ची, दिवाण यांच्यासाठी आहे. लोखंडी कपाट आणि कूलर यांचं गणित वेगळं, ते शेवटी.

## १. वस्तू या मेहनतीच्या लायकीची आहे का

भरीव सागवान, बिजा किंवा शिसम असेल तर डोळे झाकून हो म्हणा. वस्तू उलटी करा. खालच्या बाजूला पॉलिश नसते, तिथे लाकूड स्वतःच दिसतं. फळीच्या वरच्या रेषा कडेवरून वळून पुढे जात असतील तर भरीव लाकूड. कडेला बिस्किटासारखे थर दिसले तर प्लाय. भुसा दाबून केल्यासारखं दिसलं तर पार्टिकल बोर्ड.

प्लायवरचा विनियर, म्हणजे वर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा थर, कागदाइतका पातळ असतो. तो घासता येतो, पण बेताने. पार्टिकल बोर्ड पाण्याने एकदा फुगला की तो कशानेही बसत नाही. त्यावर लांबी (लाकडाचे खड्डे भरायचा लगदा) भरणं म्हणजे पैसे आणि रविवार दोन्ही वाया. फुगलेली फळी तेवढी बदला. लाकडगंजात आरा मशीनवर माप सांगून नवी फळी कापून मिळते, फक्त जुनी फळी सोबत न्या. तोंडी सांगितलेलं माप आणि प्रत्यक्ष माप यात पाव इंचाची गडबड हमखास होते.

सनमायकावर ऑइल पेंट धरत नाही. वर्षभर बरा दिसतो आणि मग नखाने सोलता येतो. सनमायकाचं टेबल असेल तर हँडल, बिजागऱ्या आणि कडेची पट्टी बदला. तेवढ्यानेच रूप पालटतं.

कीड तपासा. मोहरीएवढी गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी दिसली तर ती लाकडात शिरणारी भुंग्याची जात. मातीच्या नळ्या दिसल्या आणि लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजलं तर उधई, म्हणजे वाळवी. भुंग्याचा बंदोबस्त घरी होतो: लाकडाच्या किडीवरचं तयार द्रव सिरिंजने भोकाभोकांत सोडायचं, वर प्लास्टिक गुंडाळून डब्यावर लिहिलेले दिवस ठेवायचं. उधईचं तसं नाही. ती टेबलात नसते, भिंतीत किंवा जमिनीत असते. टेबल कितीही रंगवा, ती परत येते. आधी घराचा इलाज, मग टेबलाचा.

## २. अंगावर आधीचं काय आहे ते ओळखा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात आणि पुढच्या निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. न दिसणाऱ्या जागी, म्हणजे पायाच्या मागे किंवा खणाच्या आत, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून मिनिटभर टेकवून ठेवा. पृष्ठभाग चिकट झाला, कापसावर तपकिरी रंग आला तर जुनी लाखेची पॉलिश आहे. काहीच झालं नाही तर दुसऱ्या जागी एनसी थिनर (लॅकर पातळ करायचा थिनर) लावून पाहा. थर सरळ विरघळला तर लॅकर. दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला तर ऑइल पेंट किंवा वॉर्निश. तरीही ढिम्म, तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही कडक पॉलिश.

याचा फायदा काय? लाखेची पॉलिश निघाली तर अर्धं काम वाचलं. नवी लाख जुन्या लाखेत विरघळून एकजीव होते, त्यामुळे जुनी खरवडून काढायची गरजच नसते. धुवायचं, हलकं घासायचं आणि वरून नवे हात द्यायचे. आजोबांच्या काळातल्या बहुतेक सागवानी वस्तूंवर हीच पॉलिश असते, आणि लोक त्या मशीनने पार लाकडापर्यंत घासून टाकतात. वाईट वाटतं ते पाहून. त्या लाकडाला चढलेला रंग परत येत नाही.

सावध: जुना ऑइल पेंट. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात, विशेषतः गडद पिवळा, लाल, हिरवा असेल तर, शिसं असू शकतं असंच धरून चाला. असा रंग कोरडा घासायचा नाही. पाणी शिंपडून वॉटर पेपरने (ओलं घासायच्या पॉलिश पेपरने) घासा, खाली प्लास्टिक अंथरा, निघालेला चिखल कागदात गुंडाळून फेका. झाडू मारू नका, ओल्या कपड्याने पुसा. लहान मुलं आणि घरात कोणी गरोदर असेल तर त्यांना या पायरीपुरतं मावशीकडे पाठवा. थर घट्ट असेल, कुठे सुटत नसेल, तर तो पूर्ण काढायचा हट्टही धरू नका. ओलं घासून चमक मारली की वर प्रायमर बसतो.

## ३. महिना आणि वेळ

नागपुरात रंगकामासाठी दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा एनॅमलची (चकचकीत ऑइल पेंटची) वरची साय झटकन वाळते आणि आतला थर ओलाच राहतो. त्यामुळे ब्रशच्या रेघा तशाच गोठतात आणि नंतर सुरकुत्या येतात. उन्हाळ्यात करायचंच असेल तर सकाळी साडेनऊच्या आत हात आटोपा, तेही सावलीत. संध्याकाळचा मोह टाळा, कारण याच दिवसांत पाचच्या सुमारास धुळीचं वादळ उठतं आणि ओल्या रंगावर पॉलिश पेपरसारखा थर बसतो.

पावसाळ्यात त्रास वेगळा. हवेत ओल असली की लाखेची पॉलिश आणि लॅकर पांढुरके, धुरकट पडतात. आणि हे फक्त पावसातच होतं असं नाही. ज्या खोलीत कूलर चालू आहे त्या खोलीत ऐन मे महिन्यातही होतं! पंख्याचं तसं नाही, पण तो धूळ उडवतो. कूलर बंद, पंखा बंद, खिडकी उघडी, असं जमत असेल तरच घरात पॉलिश करा. थर पांढरा पडलाच तर घाबरून खरवडू नका. कोरड्या दिवशी स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा हलक्या हाताने फिरवला की बहुतेक वेळा तो निघून जातो.

आणखी एक गोष्ट सुतार सांगतात आणि आपण ऐकत नाही. आपल्याकडचं लाकूड ऑगस्टमध्ये फुगतं आणि मे महिन्यात आकसतं. पावसाळ्यात अडकणारा खण रंध्याने तासू नका. उन्हाळ्यात तो खडखडेल. खणाच्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासा आणि दिवाळीपर्यंत थांबा. तसंच उन्हाळ्यात टेबलाच्या फळ्यांमध्ये दिसणारी फट लांबीने भरू नका. पावसात फळ्या जवळ आल्या की ती लांबी दातातल्या दाण्यासारखी बाहेर येते.

दिवाळीचं गणित उलट्या बाजूने मांडा. दसरा ते दिवाळी साधारण वीस दिवस. टेबलाचं काम आठवडाभराचं, त्यानंतर रंग पक्का व्हायला निदान सात दिवस. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सुरुवात केली तर वेळेत बसतं. धनत्रयोदशीच्या आदल्या रविवारी केली तर चिवड्याची बशी टेबलाला चिकटणार, हे नक्की.

## ४. सामान, आणि कोणाच्या हातात काय

सीताबर्डीपेक्षा इतवारीत हार्डवेअरचं सामान स्वस्त पडतं आणि सुटंही मिळतं. यादी फार मोठी नाही:

- पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २२० आणि ३२० नंबरचे. ओल्या कामासाठी वॉटर पेपर
- लाकडी ठोकळा, पेपर गुंडाळायला
- फेविकॉल, सुती दोरी, काडीपेटी
- वूड प्रायमर, लांबी, एनॅमल, टर्पेंटाइन. किंवा पॉलिश करायची असेल तर चपडा लाख (लाखेचे पातळ पापुद्रे) आणि स्पिरिट
- दोन इंची आणि एक इंची ब्रश
- एन-९५ मास्क, हातमोजे

काटकसर डब्यात करा, ब्रशमध्ये नको. स्वस्त ब्रशचे केस रंगात अडकतात आणि ते काढताना जो डाग पडतो तो शेवटपर्यंत दिसतो. रंग किती लागेल यासाठी वस्तूची लांबी-रुंदी मोजून चौरस फूट काढा आणि डब्यावरच्या आकड्याशी ताडून पाहा. एका टेबलासाठी लोक सर्रास लिटरचा डबा आणतात आणि अर्ध्याहून जास्त रंग डब्यातच साय धरून मरतो.

एक चूक दुकानातच होते. लांबी मागितली की भिंतीची पांढरी पुट्टी हातात येते. ती लाकडाला नको. भिंत हलत नाही, लाकूड हलतं, आणि पहिल्या पावसाळ्यात ती पुट्टी खपल्यांनी सुटते. "लाकडाची द्या, भाऊ" असं स्पष्ट सांगा.

घरच्यांमध्ये कामं वाटताना वयापेक्षा वास आणि धूळ यांचा विचार करा. स्क्रू मोजणं, चिठ्ठ्या लावणं, साबणाच्या पाण्याने पुसणं, नवा पेपर ठोकळ्याला गुंडाळणं ही मुलांची कामं. थिनर, स्पिरिट आणि जुना रंग घासणं ही मोठ्यांची. ज्यांना दमा आहे त्यांनी पॉलिशच्या दिवशी बाहेर बसून सल्ले द्यावेत, ते काम घरात कोणीतरी करतच असतं. मुलांना ब्रश धरायचाच असेल तर तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल द्या. घासणं, प्रायमर, रंग, सगळ्या पायऱ्या त्या वीतभर बैलावर शिकून होतात. बिघडला तरी पुढच्या पोळ्याला पुन्हा रंगवायचाच असतो.

सावध. स्पिरिट आणि थिनर पेट घेतात. ज्या खोलीत ते उघडे आहेत तिथे उदबत्ती, समई, गॅस काही नको. देवघर त्याच खोलीत असेल तर काम गच्चीवर न्या.

## ५. खोलणं

हँडल, कड्या, बिजागऱ्या, काच, खण, निघेल ते सगळं काढा. "टेप लावून रंगवू" म्हणाल तर बिजागरीवर रंग जाणार आणि दार करकरणार. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक जागचे स्क्रू वेगळ्या पुडीत, वर नाव: डावं दार वरची बिजागरी, मधला खण. खणांच्या मागच्या बाजूला पेन्सिलने १, २, ३ लिहा. हाताने केलेल्या जुन्या टेबलाचे तीन खण सारखे दिसले तरी एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

## ६. धुणं, घासण्याच्या आधी

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तेलकट चिकटा असतो, खुर्चीच्या हातांवर घामाचा आणि खोबरेल तेलाचा. हा थर न काढता घासलं तर पेपर ते तेल लाकडात खोल दाबतो आणि तिथे रंग कधीच धरत नाही. मासळीच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण, फडकं घट्ट पिळून पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा. बादलीने पाणी ओतू नका. नळाखाली तर मुळीच नाही. सांध्यातलं फेविकॉल विरघळतं आणि प्लाय सुटतो.

सागवानाला स्वतःचं तेल असतं. चिकटवण्याआधी किंवा रंगवण्याआधी उघड्या सागवानावर थिनरचं फडकं एकदा फिरवा. हे टाळलं की एनॅमल आठवडाभर चिकट राहतो.

तपासणी: पांढरा स्वच्छ कपडा घट्ट दाबून फिरवा. काळपट आला तर अजून एकदा धुवा. नंतर एक पूर्ण दिवस वाळू द्या, पावसाळी हवा असेल तर दोन.

## ७. सांधे आणि भोकं

हलणारा पाय खिळा ठोकून बसवला की सांधा फुटतो. आधी सांधा पूर्ण सोडवा, जुना वाळलेला फेविकॉल पटाशीने खरवडून काढा. नवा फेविकॉल जुन्या फेविकॉलवर धरत नाही, त्याला लाकूड लागतं. दोन्ही बाजूंना पातळ थर लावा आणि जोडा.

क्लॅम्प नसेल तर दोरी चालते, आणि खरं सांगायचं तर खुर्चीला दोरीच बरी. चारही पायांभोवती सुती दोरीचे दोन वेढे घ्या, गाठ मारा, दोन वेढ्यांच्या मध्ये लाटणं किंवा काठी अडकवा आणि पिळत जा. दोरी ताणली की पाय आत ओढले जातात. सांध्यातून फेविकॉलचे बारीक मणी बाहेर आले की थांबा. मणी आले नाहीत तर फेविकॉल कमी पडलंय, खळखळून वाहिलं तर जास्त झालंय. काठी पायाला टेकवून बांधून ठेवा, नाहीतर ती सुटून गुडघ्यावर बसते. दोरीखाली जाड कागद घाला, म्हणजे लाकडावर वळ उठत नाहीत. बाहेर आलेलं फेविकॉल लगेच ओल्या फडक्याने पुसा. ते वाळलं तर तिथे पॉलिश पिणार नाही आणि पांढरा चट्टा राहील. मग खुर्ची सपाट फरशीवर उभी करून चारही पाय टेकतात का ते पाहा आणि २४ तास कोणाला तिच्यावर बसू देऊ नका. आजी बसतात. आधीच सांगून ठेवा.

स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर मोठा स्क्रू हा उपाय नव्हे. काडीपेटीच्या काड्यांची गुलं तोडून टाका, काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात गच्च ठोका, दुसऱ्या दिवशी वरचा भाग कापून टाका आणि जुनाच स्क्रू फिरवा. पॉलिश करायची वस्तू असेल तर लहान खड्डे त्याच लाकडाच्या भुशात फेविकॉल कालवून भरा. भुसा पुढच्या पायरीत आपोआप मिळतो, तो बारीक चाळून ठेवा.

## ८. घासणं

रेषांच्या दिशेने. आडवं किंवा गोल घासलं की त्या खुणा आधी दिसत नाहीत आणि पॉलिशचा पहिला हात बसताच उठून येतात. सुटलेल्या रंगासाठी ८०, नंतर १२०, १८०, आणि शेवटी २२०. मधला नंबर गाळला तर आधीच्या नंबरचे ओरखडे तसेच राहतात. विनियर असेल तर १८० पासूनच सुरुवात करा आणि कडेजवळ हात हलका ठेवा, विनियर पहिल्यांदा फाटतो तो कडेला.

सपाट जागी पेपर ठोकळ्याला गुंडाळूनच घासा. बोटांनी घासलं की बोटांखाली खळगे पडतात, आणि चकचकीत एनॅमल ते सगळ्या पाहुण्यांना दाखवतो.

तपासणी: संध्याकाळी दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च फळीला जवळजवळ समांतर धरा. दिवसा न दिसलेले ओरखडे, डिंकाचे चट्टे, खळगे सगळे सावलीने दिसतात. मग धूळ आधी कोरड्या ब्रशने, नंतर जरा ओल्या फडक्याने काढा.

## ९. प्रायमर, लांबी, पुन्हा प्रायमर

हे फक्त रंगासाठी. पॉलिश करणाऱ्यांनी पुढच्या पायरीवर जावं.

इथे क्रमाची सगळ्यात मोठी गल्लत होते. लोक खड्डे दिसले की आधी लांबी भरतात. कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं आणि ती भुसभुशीत होऊन सुटते. म्हणून पहिला हात पातळ प्रायमरचा. तो रात्रभर वाळला की खड्डे आणि ओरखडे आणखी स्पष्ट दिसतात. आता लांबी, तीही एकदम जाड नाही. खोल खड्डा दोन-तीन दिवसांत थर देऊन भरा. वाळल्यावर १८० ने घासा, धूळ पुसा आणि लांबीच्या जागांवर पुन्हा प्रायमर. हा दुसरा प्रायमर गाळला तर रंग लांबीच्या जागी निस्तेज दिसतो, बाकी चमकतो.

तपासणी: प्रायमर घासल्यावर पेपरवर कोरडी पांढरी भुकटी यायला हवी. पेपरला गोळे चिकटले तर अजून ओला आहे. उद्या.

## १०-अ. एनॅमल लावायचा असेल तर

डबा हलवू नका, काठीने तळापासून ढवळा. हलवला की बुडबुडे येतात आणि ते फळीवर फुटतात. लागेल तेवढा रंग वाटीत काढून घ्या, डब्यात ब्रश बुडवू नका. पातळ करायला टर्पेंटाइन, तेही थोडं. रॉकेल घातलं तर तेलकट राहून वाळत नाही. एनसी थिनर घातला तर रंग फाटतो आणि खालचा थरही उचलला जातो.

ब्रशचे एक तृतीयांश केस बुडवा. आधी कोपरे आणि खाचा, मग सपाट भाग. रेषांच्या दिशेने लावा, एकदा आडवा फिरवा आणि शेवटी जेमतेम टेकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा. आता हात थांबवा. "इथे जरा राहिलंय" म्हणत पाच मिनिटांनी परत ब्रश लावला की अर्धवट वाळलेला थर ओढला जातो. राहिलेलं दुसऱ्या हातात झाकलं जातं.

दोन पातळ हात, मध्ये एक रात्र, आणि दुसऱ्या हाताआधी ३२० ने नुसता स्पर्श. एकच जाड हात देऊन वेळ वाचत नाही. तो पायांवरून ओघळतो आणि ओघळ वाळायला आठवडा लागतो.

## १०-ब. लाखेची पॉलिश करायची असेल तर

एक लिटर स्पिरिटला साधारण २०० ग्रॅम चपडा. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बाटलीत रात्रभर भिजत ठेवा, अधूनमधून हलवा. लोखंडी डब्यात नको, पॉलिश काळवंडते. सकाळी जुन्या मलमलच्या कापडातून गाळा. एका वेळी लागेल तेवढीच करा, महिनोन्‌महिने ठेवलेली पॉलिश नीट वाळत नाही.

कापसाचा गोळा मऊ, धुतलेल्या सुती कापडात बांधून बोळा करा. खालची बाजू गुळगुळीत हवी, चुणी असली तर तिची रेघ उमटते. पॉलिश कापसात ओता, वरच्या कापडावर नाही. दाबल्यावर ओलसर व्हावा, थेंब पडू नये. बोळा विमान उतरावं तसा फळीवर उतरवा, न थांबता पलीकडे न्या आणि उचला. मध्येच थांबला तर तिथेच चिकटतो. पहिले तीन-चार हात तासाभराच्या अंतराने चालतात. मग रात्रभर थांबा, ३२० ने हलकं घासा आणि पुढचे हात द्या. आठ-दहा पातळ हातांत जो झळाळ येतो तो दोन जाड हातांत येत नाही.

लाखेवर गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ पडतं. रोज जेवायच्या टेबलाला म्हणूनच लाख नको. तिथे पीयू किंवा सिंथेटिक वॉर्निश घ्या.

सावध: जवसाचं तेल किंवा तेलयुक्त वॉर्निश पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळ्याच्या आत ती साठून चिंध्या आपोआप पेटू शकतात. आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच. दोरीवर एकेक सुटी पसरून वाळवा, मगच फेका.

## ११. वाळलं म्हणजे झालं नाही

हाताला चिकटत नाही म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. एनॅमलच्या वस्तूवर सात दिवस जड काही ठेवू नका. टेबलक्लॉथ तर नाहीच, प्लास्टिकचा असेल तर महिनाभर नाही. तो रंगाला चिकटून त्याची नक्षी उमटते. खण उघडे ठेवून वाळवा. आत बंद हवेत वास आठवडे राहतो आणि कपड्यांना लागतो. हँडल आणि बिजागऱ्या दोन दिवसांनी लावा, स्क्रू पहिल्यांदा हातानेच फिरवा.

## १२. लोखंडी कपाट

धुणं, घासणं, प्रायमर, रंग हाच क्रम, पण वेळेची शिस्त कडक. गंज तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढा. फुगलेल्या रंगाच्या फोडाखाली गंज असतोच, फोडून पाहा. रेड ऑक्साइड प्रायमर त्याच दिवशी लावा. सकाळी घासून "उद्या लावू" म्हटलं तर पावसाळी हवेत रात्रीतून तांबूस पावडर येते आणि रंग त्या पावडरीवर बसतो, लोखंडावर नाही. कपाटाचा तळ आणि मागची बाजू पहिल्यांदा, कारण गंज तिथूनच सुरू होतो, विशेषतः जिथे फरशी धुतली जाते. पायांखाली रबराचे तुकडे द्या. कुलपाच्या भोकात कागदाची गुंडाळी खोचा, नाहीतर रंग आत जाऊन किल्ली अडकते.

## १३. कूलर, होळीच्या आधी

होळी झाली की माळ्यावरून कूलर निघतो आणि टाकीतून पाणी गळायला लागतं, तेव्हा घाईत एमसील फासलं जातं. हे काम फेब्रुवारीतलं. प्लग काढा, पंप, मोटर आणि गवताच्या जाळ्या बाहेर काढा. टाकीतला पांढरा क्षार खरवडा, गंज तारेच्या ब्रशने काढा, धुवून उन्हात पूर्ण वाळवा. भोकं एमसीलने आतून भरा आणि रात्रभर ठेवा. टाकीच्या आत साधा एनॅमल टिकत नाही, सतत पाण्यात राहून त्याला फोड येतात. तिथे काळा डांबरी रंग, दोन हात, मध्ये एक दिवस. बाहेरून प्रायमर आणि एनॅमल. आतला रंग चार-पाच दिवस वाळला की टाकी भरा, दिवसभर ठेवा, पाणी ओतून द्या. वास त्या पाण्यासोबत जातो.

रंगवताना एक जागा मुद्दाम कोरी ठेवायची: अर्थिंगची वायर जिथे बॉडीला कसलेली असते तो स्क्रू आणि त्याच्या भोवतीचं लोखंड. त्यावर रंग चढला तर अर्थिंग तुटतं आणि बॉडीत करंट उतरला तर तो माणसातून जमिनीत जातो. स्क्रू काढा, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चमकवा, वायर पुन्हा घट्ट कसा. वायरच्या दुसऱ्या टोकाचा प्लग तीन पिनांचा आहे आणि घरातल्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा बघून घ्या. मग पाणी भरा, कोरड्या फरशीवर चप्पल घालून उभे राहा, स्विच चालू करा आणि बॉडीला हात लावण्याआधी टेस्टर लावून पाहा.